कोणालो तूं?

आमच्या पालिकेच्या खिडकीपाशी गेलं की "काय काम आहे" असं कोणी विचारत नाही. चष्म्याच्या वरून बघतात आणि विचारतात, "कोणालो तूं?" कुणाचा तू. मी चाळिशी कधीच ओलांडलीय, डोक्यावर मोजके केस उरलेत, तरी मी अजून कुणाचा तरीच. आणि खरं सांगतो, मला त्याचा राग येत नाही, उलट बरंच वाटतं, कारण माझ्याकडे उत्तर तयार असतं. "मास्तरांचो." की झालं, खुर्ची पुढे सरकते, फाईल हलते.

शहर कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. गोव्यात पणजीची एक महानगरपालिका आणि बाकी तेरा नगरपालिका, म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे, काणकोण वगैरे, त्यातलीच एक आमची समजा. शहर म्हणायचं म्हणून शहर, बसस्टँडवरून चालायला लागलात तर पंधरा मिनिटांत ते संपतं आणि काजूची झाडं सुरू होतात. आजोबा पालिकेला शेवटपर्यंत "कामर" म्हणायचे, पोर्तुगीजांच्या कामरा म्युनिसिपालवरून. १९६१ ला पोर्तुगीज गेले, १९६८ ला नवीन पालिका कायदा आला, आजोबांची कामर काही गेली नाही.

बाबा गेले २०२३ च्या जुलैत. घरीच गेले, पहाटे, बाहेर धो धो पाऊस, स्मशानात लाकडं पेटता पेटत नव्हती. त्यानंतरचे बारा-तेरा दिवस कसे गेले ते विचारू नका. चौदाव्या दिवशी शेजारचे काका, आयुष्यभर मामलेदार ऑफिसात काढलेले, व्हरांड्यात येऊन बसले, चहा प्याले आणि जाता जाता म्हणाले, "नोंद केलीस मरे?" कसली नोंद? तर मृत्यूची. माणूस हॉस्पिटलात गेला तर हॉस्पिटल कळवतं, घरी गेला तर घरच्यांनी कळवायचं, २१ दिवसांच्या आत. त्यानंतर गेलात तर उशिराचं शुल्क, अजून उशीर केलात तर वरून परवानगी. मला वाटत होतं की डॉक्टर आले, बघितलं, सर्टिफिकेट लिहून दिलं, म्हणजे सरकारला कळलं. सरकारला असं काही आपोआप कळत नाही.

एकोणिसाव्या दिवशी गेलो. डॉक्टरांचा फॉर्म चार-अ, स्मशानाची पावती, बाबांचं आधार, माझं आधार, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर पाऊस. खिडकीतल्या बायने विचारलं, कोणालो. मी म्हटलं मास्तरांचो. आणि मग फॉर्म पुढे केला.

तिने पेन खाली ठेवलं.

"मास्तर गेले?"

तिला माहीत नव्हतं. "म्हजे मास्तर ते," एवढंच म्हणाली आणि थोडा वेळ खिडकीच्या गजांकडे बघत बसली. बांदोडकर १९६३ ला मुख्यमंत्री झाल्यावर गावोगावी मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या एका शाळेत, एका खोलीत चार वर्ग, बाबा पंचविशीच्या आत मास्तर म्हणून लागले होते, आणि ही तिसरीत होती. तेव्हा तिला रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. मला म्हणाली, माझं अक्षर बघ, हे त्यांचं अक्षर. आणि खरोखर, तिचा 'ळ' बाबांच्या 'ळ' सारखा होता, खालची गाठ जरा मोठी, मला एकदम घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

पंधरा मिनिटांत काम झालं. आधार वगैरे तिने बघितलंसुद्धा नाही, मास्तरांचं नाव आता मास्तरांच्या विद्यार्थिनीला कागद बघून लिहायचंय होय? आणि तिथेच घोळ झाला. इंग्रजी नावात बाबांच्या एक 'एच' होता, बँकेत, पेन्शनच्या बुकात, आधारवर, सगळीकडे. तिने तो घातला नाही, कारण ती जसं म्हणायची तसं लिहिलं. मीही वाचलं नाही, डोळ्यांसमोर तो 'ळ' होता ना. ओळखीचा हा एक तोटा असतो, ओळखीच्या माणसाला स्पेलिंग विचारायची लाज वाटते. त्या एका 'एच' पायी पुढे साडेचार महिने गेले. आईचं फॅमिली पेन्शन अडकलं, दुरुस्तीचा अर्ज, ॲफिडेव्हिट, की ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत. बायला फार वाईट वाटलं, तिने स्वतः टेबलाटेबलावर फिरून कागद पुढे ढकलला, पण चूकही तिचीच होती, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना बोलून दाखवलं नाही.

नावांचा हा खेळ गोव्यात तसा जुनाच. पोर्तुगीज रजिस्टरात 'श' लिहायचा तर एक्स, म्हणून शंकर एक्सने सुरू होणार. प्रभूंचे पोरोब झाले, पैंचे पोय झाले. एकाच घरात आजा एका स्पेलिंगचा, बाप दुसऱ्या आणि नातू तिसऱ्या. आमच्या पिढीने ॲफिडेव्हिटवर जेवढे पैसे घातलेत तेवढ्यात एखादी स्कूटर आली असती.

मग घरपट्टी. शेजारचे काकाच म्हणाले, आता आलाच आहेस चक्रात तर घरपट्टीवरचं नावही बदलून घे. मी पावती काढून बघितली तर नाव बाबांचं नव्हतंच, आजोबांचं होतं. आजोबा १९७९ साली गेले. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं आजोबा मरून घरपट्टी भरत होते आणि पालिकेची त्याला काही हरकत नव्हती, थकबाकी नाही ना, मग झालं. बाबांनीही कधी बदललं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, पावतीवर नाव कुणाचं का असेना, पैसे कोण भरतो ते महत्त्वाचं. बाबांचं हे तत्त्वज्ञान आता मला महागात पडत होतं.

बायने रजिस्टर काढलं. पुठ्ठ्याचं, लाल फडक्यात बांधलेलं, उघडलं की दमट वास, पानांच्या कडा वाळवीने कुरतडलेल्या. ती बोट फिरवत खाली येत होती, जुना नंबर, त्यावर काट, नवीन नंबर, त्यावर परत काट, आणखी नवीन. आजोबांचं नाव निळ्या शाईत. बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात कोणीतरी 'मयत' लिहून ठेवलं होतं. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, काही नाही. सही नाही, तारीख नाही. कुणीतरी क्लार्क असणार, आजोबांना ओळखणारा, कधीतरी गेल्याचं कळलं असणार आणि त्याला राहवलं नसणार. पेनाने लिहायचा अधिकार नाही, म्हणून पेन्सिलीने. मी त्या एका शब्दाकडे बराच वेळ बघत होतो. बाय म्हणाली, फोटो काढू नको हां, चालत नाही. मी काढत नव्हतो.

नाव बदलायचं म्हणजे वारस दाखवायचे, आणि गोव्यात वारस दाखवणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा, त्यातला वारशाचा भाग आता २०१२ च्या कायद्यात आणलाय, पण गाभा तोच, मुलगा-मुलगी सारखे हक्कदार, आणि लग्न झालं की सहसा नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, अर्धी-अर्धी. मला हा कायदा मनापासून आवडतो, पेपरात कुठे त्याची स्तुती आली की छाती फुगते. पण सह्या गोळा करायला निघालात की कळतं. आजोबांची मुलं पाच. तीन आत्या, त्यांचे नवरे, जे गेले त्यांची मुलं, त्या मुलांच्या बायका. धाकट्या आत्याचे यजमान बेळगावला, त्यांचा आमच्या घराशी संबंध एवढाच की १९८१ च्या गणपतीत आमच्या माडीवरून पडून त्यांचा हात मोडला होता, तरी सही त्यांचीही हवी. सब-रजिस्ट्रारकडे सक्सेशन डीड करायला सगळे जमले तेव्हा ऑफिसात बसायला जागा नव्हती, मधल्या आत्याने घरून नेवऱ्या आणल्या होत्या, चतुर्थीच असल्यासारखं वातावरण. आणि एवढं सगळं करून बाय काय म्हणते, "पण बाबा, घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा न्हय हां." जमिनीच्या हक्काच्या नोंदीला फॉर्म एक-चौदा, शहर सर्वेला फॉर्म डी. मग ही पावती कशाची? "घर आसा आनी तूं पट्टी भरता, इतलेंच."

ह्याच फेऱ्यांत आईबाबांच्या लग्नाचा दाखला लागला. गोव्यात लग्न देवळात लागतं आणि होतं मात्र रजिस्ट्रारकडे, पहिली सही, मग ठराविक दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरी सही. "सही झाली काय तुझी?" असंच विचारतात. तर दाखल्यावरची तारीख बघून आई चक्रावली. ती पंचावन्न वर्षं जी तारीख धरून श्रीखंड करत होती ती देवळातली. कागदावरची दुसऱ्या महिन्यातली. म्हणाली, "मग तोवर मी ह्यांच्या घरात कोण म्हणून राहत होते?" आणि खूप हसली, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

असो. सांगायचं होतं ते वेगळंच, मी आपला घरातच फिरत बसलो.

डिसेंबरात एकदा मी असाच बाकावर बसलो होतो. माझ्या आधी एक बाई आली होती, आधी म्हणजे मी आलो तेव्हा ती तिथे होतीच. तिला मी ओळखत होतो, म्हणजे चेहऱ्याने. आमच्या आठवड्याच्या बाजारात ती सुक्या मिरच्या, लसूण आणि चिंच घेऊन बसते, मार्केटच्या मागच्या गेटाला, आणि बाजार नसतो तेव्हाही बसतेच. मूळची कर्नाटकातली, कोकणी बोलते ती आपल्याहून बरी, फक्त 'अण्णा' म्हणते. नवरा गवंडी. तिला गृह आधारसाठी कागद करायचे होते. २०१२ साली सुरू झालेली ती योजना, घरातल्या बाईला महागाईला हातभार म्हणून आता महिन्याला १५०० रुपये मिळतात, पण गोव्यात १५ वर्षं राहत असल्याचा दाखला लागतो. दाखला मामलेदार देतो. मामलेदाराकडे म्हणे पुरावा आण. पुरावा म्हणजे घरमालकाचं पत्र चालेल. घरमालक पत्र देत नाही, कारण खोली भाड्याने दिलीय हे कागदावर आलं की त्याची पट्टी वाढेल. मग कोणीतरी तिला सांगितलं, पालिकेत जा.

तिने मांडीवर पारले बिस्किटाचा पत्र्याचा चौकोनी डबा ठेवला होता. तिचा नंबर आला तसा तिने तो खिडकीत उघडला. आत सोपोच्या पावत्या. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, सोपो म्हणजे बाजारात बसणाऱ्याकडून पालिका जी रोजची वसुली करते ती, बहुतेक ठिकाणी लिलावाने ठेका देऊन. ठेकेदाराचा माणूस सकाळी फिरतो, जागा बघतो, पैसे घेतो, पावती फाडतो. बहुतेक विक्रेते ती पावती तिथेच टाकतात, दुपारी बाजार झाडताना भाजीच्या देठांबरोबर नुसत्या गुलाबी चिठ्ठ्या निघतात. हिने ठेवल्या होत्या. सगळ्या. वर्षावर्षाच्या गड्ड्या करून, केसांच्या रबराने बांधून. खालच्या गड्ड्यांचा रंग उडून त्या पांढऱ्या झाल्या होत्या, काहींवर मिरचीचे डाग, आणि डबा उघडला तसा सगळ्या ऑफिसभर मिरचीचा खकाणा उठला, पलीकडच्या टेबलावरचा माणूस शिंकायला लागला.

"सोळा वर्सां," ती म्हणाली. "तुमीच पयशे घेतल्यात. पळय."

बायने एक पावती उचलली, उलटसुलट केली. दुसरी उचलली. मग हळू आवाजात, खरंच हळू, म्हणाली, "ह्या पावत्येर नांव खंय आसा?"

नव्हतंच. सोपोच्या पावतीवर रक्कम असते, तारीख असते, पालिकेचं नाव असतं. देणाऱ्याचं नाव लिहायला रेघच नाही. काही हजार पावत्या असतील त्या डब्यात, सगळ्या पालिकेच्या, आणि त्या त्याच बाईच्या हातून गेल्यात असं एकीवरही नाही. माझ्या हातात त्या वेळी घरपट्टीची पावती होती, वर ठळक टाईपात आजोबांचं नाव, १९७९ ला गेलेल्या माणसाचं.

बायने तिला काही वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. वॉर्डच्या नगरसेवकाला भेट, तो पत्र देईल बघ, म्हणाली. "कुठला वॉर्ड तुझा?" तिने सांगितलं. "मतदार यादीत नाव?" गावाकडे आहे. "मग तो कित्याक दितलो," म्हणजे कशाला देईल, असं कोणीतरी मागून पुटपुटलं, आणि ते खोटं नव्हतं. तेवढ्यात बायचं माझ्याकडे लक्ष गेलं. "अरे, तू कधी आलास? ये, ये." आणि मी गेलो. लिहायला लाज वाटते पण गेलो. ती डबा बंद करत होती, एका गड्डीचा रबर तुटला होता, त्या पावत्या गोळा करत होती, आणि मी तिच्या बाजूने हात घालून माझी फाईल आत सरकवली. पाच मिनिटांत पुढची तारीख मिळाली.

मराठीत ओळख हा शब्द मोठा चलाख आहे. ओळखपत्रात पण ओळख आणि "आपली तिथे ओळख आहे" मध्ये पण ओळखच. आमच्या पालिकेत दुसरी असली की पहिली मागत नाहीत, आणि दुसरी नसली की पहिली कितीही दाखवा. मी स्वतः ह्या व्यवस्थेचं लाडकं पोर आहे, त्यामुळे तिला शिव्या घालायचा मला अधिकार किती, हा प्रश्नच आहे.

लोक म्हणतात ऑनलाईन झालं की हे सगळं संपेल. थोडं संपलंय, नाही म्हणत नाही. गोवा ऑनलाईन पोर्टलवर बरीच कामं घरबसल्या होतात, ते "कोणालो" विचारत नाही, ओटीपी विचारतं. २०१३ चा ठराविक मुदतीत सेवा देण्याचा कायदाही आहे, कुठल्या कामाला किती दिवस त्याचा फलक आमच्या ऑफिसात लावलाय, अर्धा दिसतो, अर्ध्यापुढे कपाट आहे. पण पोर्टलवरही शेवटी अपलोड करायचा तो कागदच, आणि जिच्याकडे कागद नाही तिला खिडकी काय आणि स्क्रीन काय. शिवाय पोर्टल उघडतं कोण? पालिकेसमोरचा झेरॉक्सवाला. आमच्या शहराचा खरा मुख्याधिकारी तोच. कुठला फॉर्म, किती कॉपी, कुठल्या टेबलावर, साहेब आज आलेत की नाही, सगळं त्याला ठाऊक, आणि त्याचा रेट भिंतीवर लिहिलेला, तो फलक पूर्ण दिसतो.

बाकी पालिका वाईट चालते असं नाही. सकाळी सातला कचऱ्याची गाडी येते, ओला-सुका वेगळा नसेल तर त्यावरची बाई पिशवी दारात परत ठेवून जाते, आणि शेजारच्या काकांनासुद्धा, ज्यांना सगळं शहर घाबरतं, तिने एकदा सुनावलंय. दिवे लागतात. गणपतीआधी विसर्जनाची जागा साफ होते. आणि आईचा हयातीचा दाखला. पेन्शनीसाठी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं दाखवायचं असतं. पहिल्या वर्षी मी तिला समजावलं तर म्हणाली, मी समोर उभी आहे ते पुरत नाही काय? मी म्हटलं नाही पुरत.

माझं काम मार्चमध्ये झालं. नवीन पावती आली, वर आईचं नाव, खाली माझं आणि ताईचं. तिन्ही स्पेलिंग मी तिथेच उभा राहून तीनदा वाचली, बायने पण वाचली, बोट ठेवून. म्हणाली, जुन्या रजिस्टरात मी काट मारलीय आता, पेनाने.

दुसऱ्या दिवशी बाजाराचा दिवस होता. आईला लोणच्यासाठी मिरच्या हव्या होत्या म्हणून मागच्या गेटाला गेलो. ती होती. मला ओळखलं तिने, "अण्णा, तुमचें काम जालें?" मी म्हटलं झालं. "तुझं?" तिने मान हलवली, नाही. घरमालकाने पत्र दिलं नाही, वर खोली सोड म्हणतो. मुलगी बारावीला आहे, ती म्हणते आई नको जाऊस आता तिथे.

तेवढ्यात सोपोवाला आला. तरुण पोरगा, कानात इअरफोन, नवीन ठेक्याचा असावा. तिने न विचारता पैसे पुढे केले, त्याने न बघता पावती फाडली आणि पुढच्या कोथिंबीरवाल्याकडे वळला. तिने ती पावती सरळ केली, दोन बोटांनी दाबून, आणि बाजूच्या डब्याचं झाकण उघडून आत टाकली.

मी म्हटलं, "त्याचा काय उपयोग नाही ना, सांगितलं ना त्यांनी."

"आसूं दी," म्हणाली. "अर्धो किलो?"